बिस्किट घरचें आणि दारचें

पुण्याहून मराठवाड्यांत परत येणाऱ्या मनुष्याच्या सामानांत बाकरवडीचा पुडा हटकून असावयाचा, हा आमच्याकडचा जुना परिपाठ. आतां त्या पुड्याच्या शेजारीं श्रूसबेरी बिस्किटांचा पुठ्ठ्याचा डबाहि येऊन बसला आहे. सुमारें २३५ किलोमीटरांचा प्रवास करून डबा घरीं येतो, चहाच्या वेळीं उघडला जातो, एकत्र कुटुंबांतले दहा-बारा हात त्यावर पडतात, आणि दुसऱ्या दिवशीं तळाशीं भुगा तेवढा शिल्लक राहतो. मग स्वयंपाकघरांतून हटकून एक प्रश्न येतो: हें घरीं कां होऊं नये? प्रश्न दिसावयास लहान आहे. परंतु त्याचें उत्तर शोधूं लागलें म्हणजे भाषा, इतिहास, पदार्थविज्ञान आणि गृहधर्म या चारहि खोल्यांतून फिरून यावें लागतें. सुज्ञ वाचकांस ही फेरी कंटाळवाणी वाटणार नाहीं, अशी आशा आहे.

प्रथम शब्द पाहूं. बिस्किट हा शब्द इंग्रजींत फ्रेंचांतून आला, आणि त्याचें मूळ लॅटिन भाषेंतील ‘बिस् कोक्तुस्’ या दोन पदांत आहे. अर्थ, दोनदां शिजविलेलें. आपल्या संस्कृतांतील ‘द्विः’ तेंच लॅटिनांतील ‘बिस्’, आणि आपला ‘पच्’ धातु व त्यांचें ‘कोक्तुस्’ हीं एकाच मूळ धातूचीं रूपें, असें भाषाशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे ज्याला आपण परदेशी पाहुणा समजतों त्याचें नांव अक्षरशः ‘द्विःपक्व’ असेंच आहे. जुन्या काळीं गलबतांवर महिनोन् महिने टिकावा म्हणून पाव एकदां भाजून, कापून, पुन्हां सुकवून भाजीत. आजचें बिस्किट एकदांच भाजलें जातें. नांव मात्र द्विजाचें राहिलें आहे.

आतां श्रूसबेरी. हें इंग्लंडांतील श्रॉपशर परगण्याचें मुख्य गांव, सेव्हर्न नदीच्या वळणांत वसलेलें. चार्ल्स डार्विन याचा जन्म १८०९ सालीं तेथें झाला. आणि प्लासीचा रॉबर्ट क्लाइव्ह हा १७६१ पासून १७७४ सालीं मृत्यु येईपर्यंत त्याच गांवाचा पार्लमेंटांतील प्रतिनिधि होता. तेथील चपट्या गोड रोट्या फार जुन्या. सतराव्या शतकांतील इंग्रजी पाकपुस्तकांत त्यांची कृति मिळते व तींत मैदा, लोणी, साखर यांच्या जोडीस गुलाबपाणी आणि जायफळ सांगितलेलें असतें. पुढें हें नांव हिंदुस्थानांत आलें. आणि पुण्याच्या लष्कर भागांत ईस्ट स्ट्रीटवर १९५५ सालीं इराणी झरथुष्ट्री कुटुंबानें काढलेल्या कयानी बेकरीनें त्याला असें कांहीं रूप दिलें कीं, आज मराठी मनुष्याला श्रूसबेरी म्हटलें म्हणजे इंग्लंड आठवत नाहीं, पुणें आठवतें. तेव्हां जिची नक्कल आपण करूं पाहतों ती वस्तु स्वतःच एका दूरच्या गांवच्या पदार्थाची इराणी हातांनीं पुण्यांत केलेली पुनर्रचना आहे. नक्कल करण्यांत कमीपणा मानण्याचें कारण नाहीं. प्रश्न एवढाच कीं, ती समजून केली कीं न समजतां केली.

बिस्किट हा आपल्या समाजांत एके काळीं केवळ जिभेचा विषय नव्हता, हें तरुण वाचकांस कदाचित् ठाऊक नसेल. ऑक्टोबर १८९० मध्यें पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें एका सभेनिमित्त पुष्कळ प्रतिष्ठित मंडळी जमली होती. तेथें चहा आणि बिस्किटें पुढें करण्यांत आलीं. कोणीं घेतलीं, कोणीं नुसता पेल्यास हात लावला. पुढें उपस्थितांचीं नांवें छापून आलीं आणि पुण्यांत मोठें ग्रामण्य माजलें. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें. न्यायमूर्ति रानडे आणि लोकमान्य टिळक यांसारख्यांनाहि प्रायश्चित्ताच्या वादांतून सुटका मिळाली नाहीं. रानड्यांनीं १८९२ सालीं प्रायश्चित्त घेतलें, याचें त्यांच्या कांहीं सुधारक स्नेह्यांनाच अधिक दुःख झालें. एका पेल्यानें आणि एका बिस्किटानें घरेंच्या घरें दुभंगलीं. वाद बिस्किटाचा नव्हता. तें कोणाच्या हातचें, याचा होता.

या इतिहासाच्या पार्श्वभूमीवर आमचें औरंगाबाद (सरकारदफ्तरीं २०२३ पासून छत्रपति संभाजीनगर) मला नेहमीं एक वेगळें उदाहरण वाटत आलें आहे. महंमद तुघलकानें १३२७ मध्यें दिल्लीहून दौलताबादेस राजधानी हलविली, तेव्हां त्याच्या लष्कराबरोबर नान भाजण्याची विद्या इकडे आली, असें परंपरेनें सांगतात. अठराव्या शतकांतील येथील पाणचक्की पाण्याच्या जोरावर जात्याचा दगड फिरवी आणि तिच्या पिठावर फकीर व यात्रेकरू पोसले जात. पीठ आणि भट्टी यांचा हा शेजार जुना आहे. ‘नानखटाई’ या शब्दांतला ‘नान’ तोच, हेंहि लक्षांत घेण्यासारखें आहे.

या शेजाराचा एक फार सुंदर रिवाज आमच्या पिढीनें पाहिला. दिवाळीपूर्वीं किंवा उन्हाळ्याच्या सुटींत घरोघरचीं मंडळी मैदा, रवा, साखर आणि घरीं कढविलेलें तूप डब्यांत भरून बेकरीवाल्याकडे नेत. तो वजन करी, मळी, भाजी. आणि घरचा एक मुलगा डब्यावर लक्ष ठेवून बाजूस बसून राही. संध्याकाळीं तोच डबा नानखटाईनें भरून घरीं येई. जिन्नस घरचा, अग्नि दारचा. या व्यवहारांत बेकरीवाल्याची जात कोणी विचारली नाहीं आणि त्यानेंहि आमच्या तुपांत कधीं हात मारला नाहीं. पंचहौदाच्या वादानें जें सुटलें नाहीं, तें एका पत्र्याच्या डब्यानें पुष्कळ अंशीं सोडविलें होतें.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. विकतचें कोणतेंहि बिस्किट घरीं होतें काय? माझें उत्तर, नाहीं. आणि सर्व करण्याच्या नादीं लागूंहि नये. उदाहरणार्थ, ग्लुकोजचें बिस्किट घ्या. विलेपारल्याचा पार्ले कारखाना १९२९ मध्यें स्थापन झाला, १९३९ पासून तेथें बिस्किटें होऊं लागलीं. तो कारखाना २०१६ मध्यें बंद झाला तरी बिस्किट इतर ठिकाणीं होतच आहे. त्यांत स्निग्धांश थोडा. तें साच्यानें उठवून, लांबच लांब भट्टीच्या सरकत्या पट्ट्यावरून कांहीं मिनिटांत भाजून निघतें. तो पातळपणा, तो ठसा, ती टणक खुसखुस ही यंत्राची करामत आहे. आणि घरीं केलें तर तें विकतच्याहून महाग पडेल. श्रूसबेरीची गोष्ट निराळी. तींत जिन्नस थोडे, स्निग्धांश भरपूर, आणि घडण हाताची. जो पदार्थ मुळांत हातानें जन्मला, तोच घरच्या हाताला वश होतो. हा नियम बिस्किटांपुरताच आहे असें नाहीं.

आमच्या घरीं हा उद्योग हौसेपेक्षां निराळ्या कारणानें सुरू झाला. माझ्या वडील भगिनी (सारें घर त्यांना अक्का म्हणतें) अंडें असलेला किंवा अपरिचित स्वयंपाकघरांतला पदार्थ घेत नाहींत. आज त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. दुपारीं चारला साऱ्या घराच्या बश्यांत बिस्किट असे. अक्कांच्या बशींत लाह्या. एकदां पुतण्याच्या मुलीनें आपलें बिस्किट त्यांच्यापुढें धरलें. त्यांनीं तें हातांत घेऊन वास घेतला, "छान वास आहे हो, बाळ, तूंच खा," असें म्हणून परत दिलें. पोरगी मजकडे येऊन म्हणाली, "आजोबा, अक्काआजींना आवडलें, मग त्या खात कां नाहींत?" पुतण्या तेथेंच होता. तो म्हणाला, "अक्का, आतां हा नियम सोडा. कोण पाहतें आहे?" त्यावर त्या शांतपणें म्हणाल्या, "कोणी पाहावें म्हणून मी तो पाळलाच नव्हता. तुम्हांला मी कधीं नको म्हटलें का?"

मला वाटतें, गृहधर्माचें सारें सूत्र या दोन वाक्यांत आहे. नियम ज्याचा, त्यानें तो पाळावा. त्याचा भार दुसऱ्यावर घालूं नये, आणि दुसऱ्यानेंहि तो उपहासानें ओढून काढूं नये. ज्यांनीं बिस्किट घेतलें त्यांना १८९० सालीं समाजानें छळलें. आज जो घेत नाहीं त्याला आपण हंसतों. दोन्हीं ठिकाणीं दोष एकच. एकत्र कुटुंब म्हणजे एकच ताट नव्हे. परंतु एका बशींत जें आहे तें दुसऱ्या बशींत घालतां येण्याचा मार्ग असेल, तर तो शोधण्याचा आळस करणें हें मात्र कुटुंबाला शोभत नाहीं. आमच्या धाकट्या सूनबाईंनीं तो आळस केला नाहीं.

पहिला घाणा त्यांनीं वैशाखांत केला. आमच्याकडे त्या दिवसांत पारा ४० अंशांवर जातो आणि लोण्याचें तेल होतें. बिस्किटें पसरून एकमेकांस चिकटलीं, व थंड झाल्यावर चिवट लागलीं. यांत दोन कारणें एकत्र झालीं होतीं. लोणी वितळलेलें असल्यास पीठ उभें राहत नाहीं. आणि घरच्या लोण्यांत ताकाचा व पाण्याचा अंश पुष्कळ असतो. मैद्यांतील प्रथिनांना पाणी मिळून मळणी झाली कीं त्यांची रबरासारखी जाळी बनते. पोळीला ती हवी, कारण तिच्याशिवाय पोळी लाटतां येणार नाहीं. बिस्किटाला ती नको. चकलीच्या अगर शंकरपाळ्याच्या पिठांत आपण मोहन घालतों तें याच कारणासाठीं: स्निग्धांश पिठाच्या कणांभोंवतीं वेष्टण घालतो, पाण्याला आंत शिरूं देत नाहीं, आणि पदार्थ खुसखुशीत होतो.

दुसऱ्या घाण्यास तूप वापरलें. तुपांत पाणी जवळजवळ नसतेंच, म्हणून चिवटपणा गेला. पण झाली ती उत्तम नानखटाई. रवाळ, तोंडांत विरघळणारी, परंतु श्रूसबेरी नव्हे. श्रूसबेरीला जो किंचित् कुरकुरीत दाणा असतो त्याला लोण्यांतलें थोडें पाणी आणि दुधाचा अंश लागतो. दुधांतील प्रथिनें व शर्करा यांचा उष्णतेनें संयोग होऊन जो तांबूस रंग व खमंग वास येतो, त्याचें विवरण लुई कामीय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञानें १९१२ मध्यें केलें. तूप कढवितांना तो अंश बेरींत जातो. बेरी चविष्ट कां लागते याचेंहि उत्तर येथेंच मिळतें.

तिसरा घाणा मार्गशीर्षांत, थंडींत झाला, आणि साधला. ज्या गृहिणींना करून पाहावयाचें असेल त्यांच्यासाठीं प्रमाण देतों. मैदा १८० ग्रॅम, कस्टर्ड पावडर २० ग्रॅम, लोणी १३० ग्रॅम, पिठीसाखर १०० ग्रॅम, मीठ चिमूटभर, दूध लागल्यास एक लहान चमचा. लोणी घरचें असेल तर गार पाण्यानें तीन-चार वेळां धुवावें व पातळ फडक्यांत दाबून पाणी काढावें. बाजारचें खारें लोणी घेतल्यास वेगळें मीठ घालूं नये. लोणी मऊ असावें, वितळलेलें नसावें. तें साखरेबरोबर पांढुरकें होईपर्यंत फेसावें. यानें त्यांत हवा कोंडली जाते व बिस्किट हलकें होतें. मग मैदा व कस्टर्ड पावडर चाळून त्यांत मिसळावीं आणि बोटांनीं गोळा करावा. मळूं नये, हें दोनदां सांगण्यासारखें आहे. गोळा अर्धा तास फ्रिजमध्यें ठेवावा. नंतर सुमारें ७ मिलिमीटर जाड लाटून ५ सेंटिमीटर व्यासाच्या वाटीनें चकत्या पाडाव्या. विजेची भट्टी आधीं १६० अंशांवर तापवून १८ ते २० मिनिटें भाजाव्या. कडेस रंग दिसूं लागतांच बाहेर काढाव्या. त्या वेळीं बिस्किट मऊच लागतें व नवशिका तें पुन्हां आंत ढकलतो. पण तें निवतांना कडक होत असतें. इतक्या साहित्यांत २२ बिस्किटें होतात.

भट्टी नसल्यास जाड बुडाच्या पातेल्यांत दोन बोटें मीठ अगर वाळू पसरून, त्यावर तिवई ठेवून, झांकण घालून दहा मिनिटें तापवावें आणि मंद आंचेवर २५ मिनिटें भाजावें. वरून रंग कमी येतो. पूर्वीं आपल्या आजी-पणजी झांकणावर निखारे ठेवीत, त्याचें मर्म हेंच: खालून आणि वरून सारखी आंच.

अंड्याच्या ऐवजीं कस्टर्ड पावडर कशी आली, याची गोष्ट सूनबाईंनीं अक्कांना सांगितली ती येथेंहि सांगतों. बर्मिंगहॅममध्यें आल्फ्रेड बर्ड नांवाचा औषधविक्या होता. त्याच्या पत्नीला अंडें सोसत नसे. म्हणून त्यानें १८३७ मध्यें मक्याच्या पिठापासून अंड्यावांचून कस्टर्ड तयार केलें. आणि तिला यीस्टहि सोसत नसल्यामुळें १८४३ मध्यें बेकिंग पावडरहि. आज जगभर जे दोन डबे स्वयंपाकघरांत आढळतात, ते एका माणसानें आपल्या घरांतल्या एका व्यक्तीच्या बशीसाठीं शोधले. अक्का ऐकून म्हणाल्या, "शहाणा माणूस दिसतो."

तयार बिस्किटांची परीक्षा झाली ती घरांत दोन तऱ्हेनें. आम्ही सर्वांनीं पुण्याच्या बिस्किटाशीं ताडून पाहिलें: रंग थोडा फिका, वास जवळचा, दाणा किंचित् भरड. पुतण्यानें सोळा आणे पैकीं तेरा आणे दिले. अक्कांनीं मात्र सावकाश खाल्लें आणि म्हणाल्या, "पुण्याच्यासारखें झालें कीं नाहीं तें मला कसें कळणार? पण आपलें हें चांगलें झालें आहे. पुढच्या वेळीं थोडें जायफळ किसून घाला." आमच्यापैकीं प्रत्येकजण आठवणीशीं तुलना करीत होता, प्रत्यक्ष बिस्किट खाल्लें तें त्यांनीं एकट्यांनीं. आणि जायफळाची सूचना? ती सतराव्या शतकांतल्या इंग्रजी कृतीशीं जुळली. हें पुस्तक अक्कांनीं पाहिलेलें असण्याचा संभव नाहीं. परंतु लोणी, साखर आणि मैदा यांना काय शोभतें हें सर्व देशांतल्या जाणत्या हातांना सारखेंच कळतें.

तीन आणे कमी कां पडले, याचाहि विचार करणें न्याय्य होईल. दुकानाची भट्टी दिवसभर तापलेली असते. तिची उष्णता चारहि अंगांनीं सारखी येते, घरच्या लहान पेटींत ती दार उघडतांच निघून जाते. दुसरें, दुकानांत तीच कृति रोज, शेंकडों किलो, त्याच हातांनीं होते. आपण महिन्यांतून एकदां करतों. दशकानुदशकांचा सराव आपल्याला एका दुपारीं मिळावा ही अपेक्षाच चुकीची आहे. तेव्हां घरचें जमलें म्हणून दुकानाची निंदा करणाऱ्यांना माझें सांगणें आहे कीं, ज्याची नक्कल तुम्ही इतक्या कष्टानें केली त्याला तुम्ही आधींच मान दिला आहे.

आणखी एक भ्रम दूर केला पाहिजे. घरचें म्हणजे पौष्टिक, असें पुष्कळांना वाटतें. वरच्या प्रमाणानें एका बिस्किटांत जवळजवळ ६ ग्रॅम लोणी व साडेचार ग्रॅम साखर जाते. सुमारें ९० कॅलरी होतात. मधुमेह असलेल्या मनुष्यास घरचें बिस्किट म्हणून कांहीं सवलत मिळत नाहीं. घरचेपणानें साखर कमी होत नाहीं. आपण काय खातों आहों हें कळतें, एवढाच त्याचा लाभ, आणि तो लहान नाहीं.

तात्पर्य, दारचें बिस्किट दारीं घ्यावें. ज्यानें तें केलें त्याला दाम आणि मान दोन्ही द्यावे. घरचें करावें तें त्याला हिणविण्यासाठीं नव्हे, तर आपल्या घरांत ज्याची बशी वेगळी राहिली आहे त्याच्यासाठीं. प्रत्येक एकत्र कुटुंबांत अशी एखादी बशी असते. कोणाचा नियम असतो, कोणाची प्रकृति असते, कोणाला दांत नसतात. ती बशी कोणाची हें आधीं पाहावें आणि मग मैदा मोजावयास घ्यावा. जायफळ घालावयाचें कीं नाहीं हें त्या बशीच्या धन्याला विचारावें.